चार माणसांना उचलवेल ते वाऱ्यालाही उचलवेल

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी अजून परत गेल्या नव्हत्या. दुपारभर झाडाचं पान हललं नव्हतं आणि साडेपाचच्या सुमाराला पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली. दहा मिनिटं वारा, पाच मिनिटं टपोरे थेंब, मग पुन्हा सगळं शांत. दोरीवरचे कपडे काढायला मागच्या दाराशी गेलेली धाकटी बहीण तिथूनच ओरडली, "वहिनी, तुमचं टनेल कुठं गेलं?"

टनेल होतं तिथं आता नुसते रोपांचे ट्रे होते, मांडले होते तसेच ओळीत. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर कुणीतरी ओढून न्यावी, तसं दिसत होतं. बांधापलीकडून शेजारचे आप्पा हाका मारत होते, "भाऊ, तुमनं पाल मन्ही केयीमा यी पडनं!"

म्हणजे तुमचा तंबू माझ्या केळीत येऊन पडला. पाल म्हणाले ते चुकीचं नव्हतं. पीव्हीसी पाइपाच्या पाच कमानी आणि वर पारदर्शक प्लास्टिक, एवढंच ते आमचं छोटं हरितगृह होतं. आप्पांच्या केळीची अकरा झाडं त्यानं मोडली होती, त्यांतली चार निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली. भरपाई आप्पांनी घेतली नाही. पुढं ऑगस्टमध्ये एक वेगळी मागणी घेऊन आले, ते ओघात येईलच.

ते टनेल मीच बांधलेलं होतं. जळगावला एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, याची लाज वाटून मी पुढचे दोन महिने त्याच्यामागे लागलो. काय चुकलं, मग काय केलं आणि अजून काय राहिलंय, ते लिहून ठेवतो आहे. शेतात घर असलेल्या आणि स्वतःच काही उभं करू पाहणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरं.

घर आणि अट

आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेतातच. आबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि एक सालदार. केळी, कापूस, थोडा मका. वहिनींनी चार वर्षांपूर्वी परसात मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपं करून विकायला सुरुवात केली. आधी गादीवाफ्यावर करत, मग प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या खणांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये. भरताच्या वांग्याच्या रोपांना आमच्याकडे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. जळगावच्या त्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून थंडी पडली की इथं शेताशेतात भरीत-पुरीच्या पंगती बसतातच.

रोपांचे वैरी ऋतूप्रमाणे बदलतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि मिरचीचं बी उगवायलाच तयार होत नाही. त्याला २५ ते ३० अंश लागतात. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत कोवळं रोप दुपारपर्यंत भाजून निघतं. पावसाळ्यात सततच्या ओलीनं देठ जमिनीलगत कुजून रोपं आडवी होतात. या सगळ्यांवर मिळून वहिनींना एक छोटं हरितगृह हवं होतं. सरकारी योजनांतली हरितगृहं गुंठ्यांच्या मापाची. इथं गुंठ्याचा पाचवा हिस्साही नको होता.

आबांनी एकच अट घातली, "पक्का खांब कुठंही रोवायचा नाही." जमिनीची वाटणी अजून व्हायची आहे. काँक्रीटचा एक खड्डासुद्धा उद्या कुणाला हक्काची खूण वाटू शकतो. खानदेशात वाटणी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अटीमुळे जे करायचं ते हलतं असायला हवं होतं, आणि खरं म्हणजे ते सोयीचंही होतं. हिवाळ्यात घराच्या दक्षिणेला मोकळं ऊन असतं, उन्हाळ्यात पूर्वेच्या निंबाखाली सावली. शिवाय एकाच जागी वर्षानुवर्षं रोपं केली की मर रोगाची बुरशी मातीत मुरते. टनेल सरकवलं की जुन्या जागेवर एप्रिल-मेमध्ये ओल देऊन पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं आणि कडा मातीनं दाबायच्या. चार-सहा आठवड्यांत उन्हानंच माती तापून बुरशी आणि तणाचं बी बरंचसं मरतं. आपल्याकडं ऊन फुकट आहे, ते असं वापरता येतं.

पहिली बांधणी

वहिनींनी सांगितलं होतं, "भाऊजी, हलकं करा. दरवेळी माणसं कुठून आणू?" म्हणून लोखंड टाळलं. २० फुटी एक इंची पीव्हीसीच्या पाच कमानी, खाली बांबूची चौकट, रुंदी १० फूट, लांबी २० फूट. वर चोपड्याहून आणलेलं साधं पारदर्शक प्लास्टिक, सुतळीनं आणि लाकडी पट्ट्यांनी बांधलेलं. चौकटीला आठ ठिकाणी बारा मिलिमीटरच्या दोन फुटी सळया वाकवून ठोकल्या. सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आत भरलं. चार जण हसत उचलत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळे खूश. ८० ट्रे बसायचे, प्रत्येकात ९८ रोपं, म्हणजे एका खेपेला साडेसात हजारांवर. चार बाय दोन फुटांवर मिरची लावली तर एकराला सुमारे साडेपाच हजार रोपं लागतात. तेवढ्यात एका शेतकऱ्याची गरज भागून वर उरत.

मार्चपासून कुरबुरी सुरू झाल्या. दुपारी आत शिरलं की चष्म्यावर वाफ यायची. बाहेर ३८ असताना मी आत ५१ पाहिलेत. कमानी मधोमध बसू लागल्या, कारण पीव्हीसी तापला की लुळा पडतो आणि ती तर वाकवून ताणलेली नळी. पाइपाला टेकलेल्या जागी प्लास्टिक पिवळं पडून कडकड मोडू लागलं. मी चिकटपट्ट्या मारत गेलो. वहिनी पहाटे पश्चिमेचं दार उघडत आणि संध्याकाळी लावत. पूर्वेचं दार गोठ्याच्या अंगाला, तिकडून वासरू शिरायचं, म्हणून ते कायम बंद.

हे दाराचं लक्षात ठेवा.

काय चुकलं

वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र इमारतींच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात आहे आणि ते शाळकरी पोरालाही जमेल. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं. उत्तर येतं दर चौरस मीटरला किती न्यूटन ते. ताशी ६० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, दाब निघतो १६७ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण १७ किलो. आमच्या टनेलचा पसारा १८.६ चौरस मीटर. कमानीच्या पाठीवरून वारा जाताना वर ओढ लागते. ती एवढीच धरली तरी ३१५ किलोच्या घरात जाते. आणि आमचं टनेल चाळीस किलोचं.

म्हणजे २७५ किलोंची जबाबदारी मी आठ सळयांवर टाकली होती. कुठल्या मातीत? तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या भारी मातीत. ही माती मे महिन्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नोव्हेंबरात ठोकलेली सळई मेमध्ये भेगेत खुळखुळत होती, बोटानं हलवली तरी हलायची. पावसाळ्यात उलटं होतं, तीच माती फुगून लोण्यासारखी मऊ होते. मुरमाड रानात टिकेल ती खुंटी काळ्या रानात टिकेलच असं नाही. हे शेतकऱ्याच्या पोरानं विसरायला नको होतं.

आणि दार. वारा पश्चिमेचा, उघडं दार पश्चिमेचं, पूर्वेचं बंद. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही. वर ओढ होतीच, आता आतून रेटाही आला. पिशवीत फुंकर मारावी तसं टनेल फुगलं आणि बांबूच्या चौकटीसकट उठलं. वहिनी बराच काळ स्वतःला दोष देत होत्या, दार आपण उघडं ठेवलं म्हणून. दोष त्यांचा नव्हता. आत ५१ अंश होत असतील तर दार उघडावंच लागणार. खरी चूक एवढीच की मेमध्ये त्यावर प्लास्टिक होतंच कशाला?

हरितगृहाची जी चित्रं आपण पाहतो ती थंड मुलखातली असतात. तिथं ऊब कोंडून ठेवायची असते, त्यासाठी काच, प्लास्टिक, बंद दारं. आपल्याकडं वर्षातले जेमतेम साडेतीन महिने ऊब हवी असते आणि तीही रात्री. बाकीचे दिवस ऊब घालवायची असते. मी चित्रातलं घर बांधलं होतं आणि ते सातपुड्याच्या पायथ्याशी आणून ठेवलं होतं.

ड्रम

दुसऱ्या बांधणीत सगळ्यात मोठा प्रश्न होता तो हा: चार-सहा माणसांना उचलता यावं आणि वाऱ्याला उचलता येऊ नये. दोन्ही एकदम कसं व्हावं? काँक्रीटचे ठोकळे केले तर हलवणं गेलं. मातीनं भरलेल्या गोण्या उन्हात वर्षभरात फाटतात. दादांनी मोटर लावता लावता सहज विचारलं, "पाण्याचं वजन चालत नाही का?"

दोनशे लिटरचा निळा ड्रम भरला की दोनशे किलो आणि ओतला की आठ-नऊ किलो. हे मला, रोज वजनं मोजणाऱ्याला, सुचलं नव्हतं.

आठ जुने ड्रम घेतले. विकणाऱ्याला आत आधी काय होतं ते विचारून, खाद्यतेलाचे निवडून घेतले. कीटकनाशकाचे ड्रम स्वस्त मिळतात, ते अजिबात घेऊ नयेत. रोपांच्या घरात नाहीत आणि माणसांच्या तर नाहीतच. दोन्ही बाजूंना चार-चार ड्रम, सहा-सहा फुटांवर. एकूण पाणी सोळाशे लिटर. सूत्र उलटं चालवून पाहिलं, तर नव्या मोठ्या मापालाही ताशी १०० किलोमीटरपर्यंत हिशेब पुरत होता. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे इथं सढळ हातानंच धरावं.

ड्रम नुसते आत ठेवून काही होत नाही. तळाच्या चौकटीपासून ड्रमाच्या कमरेला दोन फेरे घेऊन नायलॉनचा दोर आवळला, तेव्हा ते वजन टनेलचं झालं. नाहीतर टनेल उडतं आणि ड्रम जागीच उभे राहतात, आमचे ट्रे राहिले तसे.

ड्रमांवर आडवे बांबू बांधून त्यावर ट्रे मांडले. ड्रमाची उंची तीन फूट, त्यामुळे पाणी देताना, विरळणी करताना वाकावं लागत नाही. वहिनींच्या लेखी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी सुधारणा हीच. वाऱ्याचं गणित मी दोनदा समजावलं, दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "कंबर दुखत नाही आता."

आणखी एक फायदा हिवाळ्यात कळला. साध्या प्लास्टिकच्या टनेलमध्ये पहाटे फारशी ऊब राहत नाही, कारण जमिनीतून निघणारी उष्णता पॉलिथिनमधून बरीचशी आरपार जाते. पहिल्या वर्षी बाहेर ८ तर आत ९ असायचे. दुसऱ्या वर्षी ड्रमांसह बाहेर ८ असताना आत ११. सोळाशे लिटर पाणी रात्रीतून चार अंशांनी निवलं तर सुमारे सात युनिट विजेइतकी उष्णता सोडतं, म्हणजे सहाशे वॉटचा हीटर रात्रभर चालल्यासारखं. याहून जास्त अपेक्षा करू नये. तीन अंश हे काही चमत्कार नव्हेत, पण मिरचीचं बी आठवडाभर आधी वर आलं.

टनेलचा कणा पूर्व-पश्चिम ठेवला आहे. एक तर पश्चिमेचा वारा अरुंद तोंडावर येतो. दुसरं म्हणजे आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला पंचेचाळीस अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या रांगेतल्या ड्रमांना बाजूनं थेट ऊन लागतं. ते चार ड्रम काळे रंगवले. ड्रमांची बुचं घट्ट हवीत, नाहीतर डासांची पैदास आणि डेंग्यू आपण होऊन घरात आणल्यासारखं होईल.

लोखंड आणि कातडी

कमानी पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या केल्या. सहा नग, २० फुटीच. वाकवायला कारखान्यात एक लाकडी साचा केला, एका रविवारचं काम. रुंदी १० वरून १२ फूट केली. तोच २० फुटी पाइप १० फुटांवर वाकवला की मध्ये साडेसात फुटांवर उंची जाते, १२ फुटांवर वाकवला की पावणेसात. बाजूही कमी उभट होतात. वाऱ्यापुढं जितकं बुटकं तितकं बरं, आणि पावणेसातमध्ये दादांचं डोकं लागत नाही. तळाची चौकट सव्वा इंची पाइपाची, तीन आडव्या नळ्या, सगळं नट-बोल्टवर. वेल्डिंग फक्त कमानींच्या पायांना. एकूण वजन १३५ किलोच्या आसपास; सहा माणसं आरामात नेतात, प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस किलो.

प्लास्टिक या वेळी २०० मायक्रॉनचं, युव्ही प्रक्रिया केलेलं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं. दुकानात गेजची भाषा चालली तर आठशे गेज मागावं. ते नीट सांभाळलं तर तीन वर्षं जातं, साधं प्लास्टिक आपल्याकडचा एकच उन्हाळा पाहतं. टनेलच्या आत किंवा जवळ गंधकाची धुरळणी टाळावी, त्यानं युव्हीची प्रक्रिया लवकर मरते. बांधायला सुतळी नाही. ॲल्युमिनियमची प्रोफाइल पट्टी आणि तिच्यात बसणारी नागमोडी स्प्रिंग. ती बसवायला वेळ लागतो, पण काढायला पाच मिनिटं, आणि वर्षातून दोनदा काढायची असेल तर हेच मोलाचं. पट्टी महाग वाटली तर जुन्या पाइपाचे तुकडे उभे चिरून चिमट्यासारखे बसवता येतात. मी दोन्ही तोंडांना तेच केले.

वरून ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर लॅटरल, म्हणजे नळ्या, या बाजूनं त्या बाजूला तिरक्या ओढल्या. दोरानं प्लास्टिक कापतं, लॅटरल मऊ असते. आणि जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही खळ्यात जुन्या लॅटरलचं भेंडोळं नसेल, असं होत नाही.

टनेलला ऋतूप्रमाणे तीन वेगवेगळी कातडी घालतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत प्लास्टिक. बाजू तीन फूट गुंडाळता येतात आणि सकाळी नऊला उघडायच्याच. कारण रात्रभर आतून साचलेलं दव रोपांवर टपकतं आणि तिथूनच देठकूज सुरू होते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर प्लास्टिक पूर्ण काढून घडी करून माळ्यावर ठेवायचं आणि वर ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी जाळी, घालायची. जाळीतून वारा जातो, त्यामुळे ओढही कमी लागते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भरदुपारी काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा निंबाची सावली आणि शेडनेट दोन्ही लागतात. पावसाळ्यात छपराला प्लास्टिक आणि बाजूंना कीटकरोधक जाळी.

या जाळीबद्दल एक सांगतो. चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रं असलेली जाळी पांढरी माशी आणि मावा बऱ्यापैकी थोपवते, फुलकिडे मात्र तिच्यातून आत शिरतात. चुरडा-मुरडा, म्हणजे मिरचीची पानं आकसण्याचा रोग, संपला असं समजून फिरू नका. आणि जाळी बारीक झाली की हवा अडते. सुरुवातीला आम्ही फक्त दोन फुटांच्या पट्टीला जाळी लावली आणि आत पुन्हा भट्टी झाली. बाजू पूर्ण तीन फूट उघडून जाळी लावल्यावर निभावलं.

खर्च पंचवीस हजारांच्या आतबाहेर गेला. सगळ्यात जास्त लोखंडाला, त्यानंतर ड्रमांना. मजुरी माझी घरचीच होती. बाहेरून करून घेतलं तर त्यात भर पडेल. पहिल्या टनेलवरचे नऊ हजार यात धरलेले नाहीत, ते शिकवणीचे.

आप्पांची मागणी

ऑगस्टमध्ये आप्पा आले. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, केळीच्या भावाचं झालं. मग म्हणाले, "वहिनीबाई, एक सांगू का? राग नका मानू."

त्यांनी जूनमध्ये मृग बाग, म्हणजे मृगातली नवी केळी, लावली होती, नेमकी आमच्या टनेलला लागून. केळीवरच्या हरण्या रोगानं, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूनं, जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पुष्कळ बागा उपटायला लावल्या आहेत. हा विषाणू मावा पसरवतो आणि तो ज्यांवर जगतो ती यजमान झाडं म्हणजे काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो. नव्या केळीच्या आसपास ही पिकं घेऊ नयेत, असं कृषी विभाग सांगत असतो. वहिनींच्या टनेलमध्ये नेमकी तीच होती आणि वर काकडीचे दोन ट्रे. अकरा झाडांची भरपाई न घेतलेला माणूस समोर बसून एवढंच मागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टनेल हललं. ट्रे बाहेर काढायला तास गेला. ड्रम पालथे केले. ते सोळाशे लिटर नळी लावून वहिनींच्या वाफ्यांना सोडले, वाया गेलं नाही. दोर सोडले, सहा जणांनी चौकट धरली आणि घराला वळसा घालून उत्तरेच्या खळ्याजवळ नेऊन ठेवली. पुन्हा ड्रम भरेपर्यंत वीज गेली, म्हणून संध्याकाळपर्यंत चारच भरले होते. आकाश बघत बसलो.

काकडी बंद केली. जाळी दोन्ही अंगांनी पूर्ण लावली. मावा पंखानं उडतो, वाऱ्यानं दूर जातो, त्यामुळे शे-दीडशे फूट लांब नेल्यानं धोका गेला असं म्हणता येणार नाही. कमी झाला असेल. आप्पांनी त्या वर्षी बागेतली काही झाडं उपटली. ती कशानं गेली, कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण पक्क्या खांबांचं हरितगृह असतं तर त्या सकाळी आम्ही शेजाऱ्याला काय उत्तर दिलं असतं, हा विचार मनात येतो. आबांची अट तेव्हा मला आडमुठी वाटली होती.

टनेलच्या तक्रारी संपल्या आहेत असं नाही. दारं अजून नीट लागत नाहीत. ट्रेत भरायच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, उंदीर घर करतात. एकदा सातपुड्याकडून उतरलेल्या वानरांच्या टोळीतल्या एकानं छपरावर उडी मारली, घसरगुंडी झाली, त्याला ती आवडली असावी. कारण त्यानं पुन्हा दोनदा मारली. प्लास्टिकला चार ठिकाणी ठिगळं आहेत, त्यांतली तीन त्याची.

दुसरी आखाजी

पुढच्या वर्षी वादळ आखाजीच्या आदल्या रात्री आलं. टनेल तेव्हा निंबाखाली होतं, वर फक्त शेडनेट आणि दोन्ही दारं उघडी. पूर्वेच्या दाराला आता वासरासाठी आडवी फळी आहे. मी जळगावला होतो. रात्री अकराला दादांचा फोन आला की वारा खूप आहे, अंधारात काही दिसत नाही. मी म्हटलं, सोळाशे लिटर आहेत, झोपा.

सकाळी पोचलो. टनेल होतं. निंबाची एक फांदी गोठ्याच्या पत्र्यावर पडलेली, आप्पांच्या केळीच्या कडेच्या दोन ओळी आडव्या, आणि टनेल जागेवर. फक्त नैर्ऋत्येचा कोपरा हातभर वर उचलला जाऊन तिरका बसला होता. तिथली तळाची नळी वाकली होती आणि त्या कोपऱ्यातला ड्रम आडवा पडून बांबूखाली अडकला होता. मी दोर तपासला. शाबूत होता, गाठही सुटली नव्हती. मग ड्रमाला लाथ मारून पाहिली. टण्ण वाजला.

रिकामा होता.

वहिनी मागं उभ्या होत्या. पाव्हणे यायचे म्हणून दोन दिवस आधीपासून धुणं, सारवण, पापड-कुरडयांची भांडी, आणि मोटर फक्त रात्रीची वीज असली की चालायची. गोठ्याजवळचा ड्रम म्हणून त्यांनी त्यालाच खाली नळ बसवून घेतला होता, महिनाभरापूर्वी, सालदाराकडून. "पाणी होतंच ना भरलेलं," त्या म्हणाल्या, "आणि हात धुवायला मी गोठ्यातून विहिरीवर जाऊ का?"

हे मी आखणीत धरलं नव्हतं. उन्हाळ्यात शेतातल्या घरात भरलेला ड्रम दिसला की त्यातून पाणी घेतलं जाणारच.

नळी सरळ करायला तास लागला. पश्चिमेच्या दोन ड्रमांची बुचं मी तारेनं बांधली आणि त्यांवर लाल रंगानं आडवी रेघ मारली. बाकीच्या सहांतून तीन ड्रमांना वहिनींच्या सांगण्यावरून मीच पितळी नळ बसवून दिले, जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे कितीही पाणी घेतलं तरी खाली अर्धा ड्रम उरतो.